एकतीस भोकांचं प्रदर्शन

रफूमावशीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. भोकं राहत. रस्त्यात कुणी हात केला की ती हसून मान डोलवायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर नवऱ्याला विचारायची, "कोण हो हे?"

"अगं, कोपऱ्यावरचे औषधवाले."

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडायचा. "हां हां! करडी पँट, डाव्या गुडघ्यावर खिळा लागलेला. तिकोनी फाटली होती." औषधवाल्यांना मुलं तीन की चार हे तिला कधीच सांगता आलं नाही, पण त्या तिकोनाची कुठली बाजू लांब होती, ते ती झोपेतही सांगेल.

एका ड्रायक्लीनरच्या दुकानात, रस्त्याकडच्या काचेला लागून ठेवलेल्या टेबलाशी तिने अडतीस वर्षं काढली. टेबलावर मान वळवता येणारा दिवा, त्याला जोडलेलं भिंग, सुयांची डबी आणि अळंबीच्या आकाराचा एक लाकडी गोळा. भोक त्या गोळ्यावर ताणून बसवायचं, कपड्याच्याच आतल्या शिलाईतून धागे सोडवून घ्यायचे आणि एक धागा वरून, एक खालून, असं करत नाहीसं झालेलं कापड पुन्हा विणायचं. बाहेरचा धागा तिला चालत नसे. दुकानातल्या दिव्याखाली रंग कितीही जुळला, तरी उन्हात गेल्यावर तो चुगली करतो, असं ती म्हणायची. काम झालं की ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री. गिऱ्हाईक कपडा घ्यायला यायचं, उलटसुलट करून बघायचं आणि विचारायचं, "कुठं होतं हो ते?" मावशीला मिळणारी शाबासकी एवढीच. काम चांगलं झालं तर दिसायचं नाही, आणि दिसलं तर ते बिघडलेलं असायचं. अशा धंद्यात कौतुक होणार कसं?

तिचा एक नियम होता. कुणाचं भोक कशाने पडलं, ते बाहेर बोलायचं नाही. लोक मात्र तिच्याशी भडाभडा बोलत. घरात सोडली म्हणून सांगितलेल्या सिगारेटची ठिणगी, सासूबाईंच्या शालीवर विसरलेली इस्त्री, शेजाऱ्याच्या कुंपणावरून चढताना अडकलेली बाही. ही सगळी गुपितं तिच्या पोटात गेली ती गेलीच. नवरा बसचा ड्रायव्हर होता. दिवसभर नाना लोकांच्या नाना गोष्टी ऐकून घरी यायचा आणि तिखटमीठ लावून सांगायचा. तिच्याकडून मात्र एक अक्षर नाही. "मी बायको केली की बँकेतला लॉकर?" असं तो सगळ्यांसमोर विचारायचा.

पुढे लोकांनी कपडे दुरुस्त करून घेणंच सोडलं. फाटलं की टाकलं, नवं आणलं. दुकान बंद झालं आणि मावशी घरी बसली. म्हणजे बसली कुठली? हात शिवशिवत. एके दिवशी तिने नवऱ्याची एक जुनी चादर जेवणाच्या टेबलावर पसरली आणि त्यावर खडूने हातभर लांबीची वेडीवाकडी आकृती काढली.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"औषधवाल्यांचा गुडघा."

"कसला गुडघा! आयुष्यभर भोकं बुजवलीस, आता पाडायला निघालीस होय?"

"पाडत नाही हो. आठवून बघतेय."

तिने ती आकृती पिवळ्याधमक धाग्याने विणून भरली. इतकी वर्षं ज्या कामाचा मागमूस लागू द्यायचा नाही, तेच काम आता अंगणातूनसुद्धा दिसेल असं. तिला इतकी मजा आली की दुसऱ्या दिवशी दुसरं भोक, मग तिसरं. तीन वर्षांत चादरी संपल्या, पडदे संपले, नवऱ्याच्या युनिफॉर्मच्या खाकी पँटी संपल्या. एकतीस भोकं झाली. लहानात लहान ताटाएवढं, मोठ्यात मोठं दाराएवढं. घराच्या भिंती भरल्या तेव्हा नवरा म्हणाला, "आता पाहुणे आले की त्यांना वाटणार, घरात गोळीबार झालाय."

पाहुणी आली ती गॅलरीवाली. तिशीतली मुलगी, बसस्टॉपसमोर चपलांचं दुकान होतं ती जागा भाड्याने घेऊन तिने चित्रांची गॅलरी काढली होती. ती आली होती आपल्या स्वेटरला कसरीने पाडलेलं भोक घेऊन, आणि दारातच उभी राहिली.

"मावशी, हे कुणी केलं?"

"वेळ जात नाही म्हणून करते. स्वेटर बघू."

स्वेटर तसाच राहिला. तासाभराने गॅलरीवाली गेली तेव्हा मावशीच्या प्रदर्शनाची तारीख ठरली होती, आणि मावशीला नक्की कशाला होकार दिला तेच उमगलं नव्हतं. "एकट्या माझ्या कामाचं प्रदर्शन?" तिने नवऱ्याला दोनदा विचारलं. "दुसऱ्या कुणाकडे भोकं आहेत?" नवरा म्हणाला.

गॅलरी म्हणजे दोन खोल्या. चपला घालून बघायला बसायचे ते ठेंगणे बाक गॅलरीवालीने तसेच ठेवले होते आणि पायापुरते आरसेही काढायचे राहून गेले होते. प्रत्येक कापडाखाली छोटी चिठ्ठी. मावशीने बजावून सांगितलं होतं की चिठ्ठीवर कापड आणि जागा एवढंच यायला हवं. 'सुती पँट, गुडघा.' 'रेशमी रुमाल, कोपरा.' माणसाचं नाव कुठेही नाही. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच दिसेल असं सगळ्यात मोठं कापड लागलं: गडद निळ्या पडद्यावर नारिंगी धाग्याने विणलेला एक उभा, किंचित वाकलेला काप, खालच्या टोकाला बारीक फाटा फुटलेला. चिठ्ठी: 'लोकरी कोट, पाठ.' निमंत्रणाच्या कार्डावरही त्याचाच फोटो. मावशीला तो तिच्या हातून झालेला सर्वांत सरस रफू वाटायचा, म्हणून तिनेच तो निवडून दिला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण. शहरातली सर्वांत नावाजलेली शिंपीण. आता दुकान सुनेकडे होतं, तरी कात्री कुणाच्या हातात द्यायची ते अजून ताईच ठरवायची.

"अगं धाकटे, कार्ड मिळालं. फोटो इतका पुसट छापलाय की जाळं आहे की झाड ते कळेना. पण उद्या मी येणार. उघडायच्या वेळेलाच."

"ये ना. पण दोन पायऱ्या आहेत हं. तुझे गुडघे..."

"दोन पायऱ्यांना काय होतंय? आणि डॉक्टरीणबाईंनाही घेऊन येते. त्यांना अशा गोष्टींची आवड आहे."

मावशीने फोन ठेवला आणि मटकन खाली बसली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. "कोण गेलं?"

"कुणी जात नाहीये. दोघी येतायत."

आता इथे थोडं मागे जायला हवं. चौतीस वर्षांपूर्वी एका सकाळी ताई ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या दाराने आली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला निळा लोकरी कोट. डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी परदेशाहून आणलेलं ते कापड, त्याच्या जोडीचं दुसरं शहरात मिळणार नव्हतं. ताईने तेव्हा नुकतंच दुकान थाटलं होतं आणि हे तिचं पहिलं मोठं काम होतं. पाठीची शिवण घालून झाल्यावर आतलं जास्तीचं कापड छाटायचं असतं. ते छाटताना कापडाची खालची घडी सरकली, कात्रीत सापडली आणि पाठीला दोन बोटं लांबीचा काप गेला. कच्च्या कामात सगळ्या शिंपिणींना जिची धास्ती असते ती ही चूक.

"काही बोलू नकोस," ताई म्हणाली होती. "परवा त्या घालून बघायला येणार आहेत."

मावशी काही बोलली नाही. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढून दोन दिवस भिंगाखाली मान मोडून बसली. ताई आली, कोट काचेपाशी उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, पुन्हा गुंडाळला. म्हणाली, "बरं." आणि गेली. डॉक्टरीणबाईंनी तो कोट वीस हिवाळे घातला आणि भेटेल त्याला ताईचं नाव सांगितलं. ताईचं दुकान नावारूपाला आलं ते तिथून. त्या 'बरं' नंतर दोघी बहिणींनी तो विषय कधी काढला नाही. मावशीला वाटायचं, एखादं वाक्य तरी बोलायला हवं होतं हिने. पण मग वाटायचं, जाऊ दे, तिच्या नावाचा प्रश्न आहे.

आणि आता तेच नाव तिने दाराएवढं करून भिंतीवर टांगलं होतं.

"अगं पण निवडताना तुझ्या डोक्यात आलं नाही, ते कुणाचं ते?" नवऱ्याला राहवेना. आज अडतीस वर्षांचा लॉकर पहिल्यांदा उघडला होता आणि तो जरा खुशीतच होता.

"मला काप आठवला हो! कोट कुणाचा, कात्री कुणाची, ते माझ्या डोक्यात मागाहून येतं. तुम्हाला माहीत आहे ना माझं डोकं!"

"माझ्यासुद्धा पँटीचं भोकच तेवढं आठवतं की काय तुला?"

"तुम्ही गप्प बसा."

ती तडक गॅलरीत गेली. गॅलरीवाली शिडीवर चढून दिवे नीट करत होती.

"ते मोठं काढ."

"मावशी, वेड लागलंय का? कार्डावर तेच आहे. लोक तेच बघायला येणार."

"मग त्या आतल्या खोलीत, दाराच्या मागे लाव."

"दाराएवढं कापड दाराच्या मागे?"

"पण का?" हे गॅलरीवालीने तीनदा विचारलं आणि तिन्हीदा मावशी नुसती पदार्थ करपल्यासारखा चेहरा करून उभी राहिली. सांगणार काय? सांगायचं नाही हाच तर नियम. शेवटी तिला एक युक्ती सुचली. "बरं, काढू नकोस. आडवं कर."

"आडवं?"

"उभं जरा... टोचतं डोळ्यांना."

गॅलरीवाली शिडीवरून उतरली, मागे सरकली, मान तिरकी केली, आणि तिचा चेहरा उजळला. "मावशी, आडवं खरंच छान दिसेल! तळं वाटेल. संध्याकाळचं." दोघींनी मिळून ते उतरवलं, चिमटे बदलले, पातळीयंत्रातला बुडबुडा मध्यावर आणला. चिठ्ठी मावशीने हळूच काढून पर्समध्ये घातली. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "आता तिला ओळखू येणार नाही."

"तुझी बहीण चाळीस वर्षं कापड बेततेय," नवरा म्हणाला. "आणि तू तिला आडवं-उभं शिकवतेस?"

दुसऱ्या दिवशी पाचला गॅलरी उघडली. वीस-बावीस लोक आले. दोन्ही खोल्या भरल्या, कारण वीस-बावीस लोकांनी भरतील एवढ्याच त्या होत्या. औषधवाले आले आणि पिवळ्या तिकोनाकडे बघत म्हणाले, "काय रंग आहे!" ते भोक आपलं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मावशीला जरा धीर आला. शाळेतले एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर हात मागे बांधून प्रत्येक कापडापुढे पाव मिनिट थांबत होते.

तेवढ्यात ताई आली. काठी दारातल्या पायरीवर जोरात आपटून वर चढली, मागून डॉक्टरीणबाई. ताईने दारातच समोर पाहिलं. पाहतच राहिली. मग तिने हळूहळू मान उजव्या खांद्याकडे कलती केली, इतकी की डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरला.

"चक्कर येतेय का हो?"

"नाही," ताई म्हणाली. तिने मान सरळ केली, मावशीकडे एकदाच बघितलं, आणि चपलांच्या दुकानातल्या त्या ठेंगण्या बाकावर जाऊन बसली. ओठ असे मिटलेले, जणू त्यात टाचण्या धरल्या आहेत.

नवरा मावशीच्या कानाशी लागला. "ओळखलं."

"कळतंय मला."

"आता?"

"आता काय? शांत राहा."

डॉक्टरीणबाई निळ्या कापडापुढे उभ्या होत्या. "छान आहे. तळं आहे का हे?"

"हो, संध्याकाळचं," गॅलरीवाली उत्साहाने म्हणाली. "म्हणजे आपल्याला जे दिसेल ते."

"तळं असेल तर इथे गडबड आहे," चित्रकलेचे मास्तर म्हणाले. त्यांनी टोकाला फुटलेल्या फाट्याकडे बोट केलं. "बाकी रेघ कशी डौलदार आलीय बघा. इथे हात ढळला. वयोमानाप्रमाणे होतं तसं, दोष नाही त्यांचा. एकूण काम बरं आहे, हौशी माणसाच्या मानाने."

मावशी खाली बघत होती. हात ढळला! तो फाटा जसाच्या तसा उतरायला तिला अकरा दिवस लागले होते. पण तोंड उघडावं तर ताईचं नाव जातं. तिने ओठ घट्ट दाबले आणि मान हलवली, जणू म्हणत होती, असेल बाई, ढळला असेल.

"हात कुणाचा ढळलेला नाही."

बाकावरून आवाज आला तसे सगळे वळले. ताई काठीवर जोर देऊन उठत होती.

"आणि तळंबिळं काही नाही. ते उभं आहे, या बाईने आडवं टांगलंय. कात्रीचा काप आहे तो. चालता चालता कात्री थांबली, आणि घाबरून उघडली, तेव्हा खालचं पातं पुन्हा लागलं. म्हणून तिथे फाटा आहे. तो तिथेच आहे आणि तसाच आहे."

मास्तर सौम्यपणे हसले. "आपल्याला एवढं खात्रीने कसं माहीत?"

"कारण कात्री माझी होती."

ताई डॉक्टरीणबाईंकडे वळली. "आणि कापड तुमचं. तुमचा निळा कोट. शिवण छाटताना मी पाठ कापली. हिने विणून दिली. हिने विणली नसती तर मी दुकानाला कुलूप लावून घरी बसले असते. झालं. सांगून टाकलं."

डॉक्टरीणबाईंनी निळ्या कापडाकडे पाहिलं, मग ताईकडे, मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या पाठीकडे गेला.

"वीस वर्षं घातला मी तो! कुठं होतं ते?"

"दोन्ही खांद्यांच्या मधोमध. जरा खाली."

"थांबा थांबा." डॉक्टरीणबाईंचे डोळे बारीक झाले. "म्हणून तुम्ही भेटलात की दर वेळी माझ्या पाठीवर हात फिरवायचात? रस्त्यात, दुकानात, लग्नकार्यात, कुठेही? मी घरी जाऊन सांगायचे, शिंपीणबाई किती मायाळू आहेत म्हणून!"

ताईचे कान लाल झाले. "माया होतीच. पण... होय. ते टिकलंय का बघायचे."

आधी नवरा हसला, मग गॅलरीवाली, आणि मग डॉक्टरीणबाई स्वतः इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. "माझा कोट नाही हो, तुमच्या बहिणीचं प्रदर्शन होतं ते! मी पाठीवर घेऊन गावभर फिरत होते आणि बघायला येत होतात तुम्ही एकट्या!"

मास्तर तेवढ्यात आतल्या खोलीत निघून गेले होते. मावशी अजून तिथेच उभी होती. ताई तिच्याजवळ आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, निळ्या कापडाकडे पाहिलं.

"तुझं नाव घालवलं मी," मावशी म्हणाली.

"या वयात नाव घेऊन काय करू? सुनेला देऊन झालंय. आडवं काय टांगतेस, मूर्ख! मला काय आंधळी समजलीस?"

"बरं, ते राहू दे. हात फिरवायचीस, तर लागायचं का काही?"

"नाही. कधीच नाही. उन्हात बघितलं, ओल्या कोटावर बघितलं. बोटांना काही म्हणून काही लागायचं नाही. मला राग यायचा."

"राग?"

"मग? मी चाळीस वर्षं शिवलं, माझी शिवण बोटाला लागते. प्रत्येकीची लागते. तुझंच तेवढं नाही. कसं सांगणार होते मी तुला हे? धाकटी तू."

मावशीने नाक ओढलं आणि दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतोय असं दाखवून मान वळवली. गॅलरीवाली शिडी घेऊन आली. कापड पुन्हा उभं करायचं होतं. नवऱ्याने शिडी धरली, ताईने खालून काठीने दाखवलं, "डावीकडे घे, अजून, हां, कापडाचा उभा धागा उभा असायला हवा, शाळेत शिकवलं नाही का तुला?" मावशीने पर्समधली चिठ्ठी काढून जागेवर लावली.

मग ताईने तिचा हात धरला आणि पुढच्या कापडाकडे ओढलं. हिरव्या चादरीवरचं एक जांभळं, कडा जळालेलं भोक.

"हे कुणाचं गं?"

"नाही सांगायचं."

"इस्त्रीने जळलंय. हे मला कळतंय. माझ्या ओळखीतलं आहे का?"

"ताई, नाही म्हटलं ना."

"मी एवढं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तू मला एक सांगणार नाहीस?"

"तुझं तू सांगितलंस. हे त्यांचं आहे."

ताईने नाकाने फुसकारलं, जळक्या कडेकडे आणखी एकदा निरखून बघितलं आणि पुढच्या कापडापाशी गेली. "बरं, मग हे? हा तर कुत्र्याचा दात आहे."

"पुढे चल," मावशी म्हणाली. अजून अठ्ठावीस बाकी होती.